‘मनी’चा सात मात्रांचा टेप लूप: पट्टीने मोजून कापला, तरी १२० ऐवजी १०० का वाजतो?

सातमात्री

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बममधल्या ‘मनी’ गाण्याच्या सुरुवातीला नाणी, गल्ला, कागद फाटणं असा जो लूप (टोकं जोडून गोल फिरवलेला टेपचा तुकडा) आहे, तो खऱ्या टेपवर बनवतोय. आमचा बँड हे गाणं स्टेजवर वाजवणार आहे आणि लूप कॉम्प्युटरवरून सोडायचा नाही असं ठरलंय.

सामग्री: पाव इंची टेपचा स्टिरिओ डेक, तीन हेडचा (पुसणं, भरणं, वाजवणं), क्वार्टर ट्रॅक (टेपच्या रुंदीत चार ट्रॅक, एका दिशेला दोन), सेकंदाला वेग ३¾ आणि ७½ इंच. डेक अमेरिकेतून आलेला आहे, २२० ते ११० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर चालतो. टेप नवी आहे, फ्रेंच एलपीआर ३५. टेप कापायचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, ४५ आणि ९० अंशांच्या खाचा असलेला.

हिशोब असा केला: ७½ इंच म्हणजे सेकंदाला १९.०५ सेंमी. १२० च्या लयीत (मिनिटाला १२० मात्रा) एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे ९.५२ सेंमी. सात मात्रांचे ६६.७ सेंमी. सात तुकडे मोजून कापले, ४५ अंशात जोडले. आता अडचणी:

१. लय १२० ची येत नाही, बरोबर १०० येते. पट्टी दोनदा तपासली.
२. नाण्याचा आवाज डाव्या स्पीकरमध्ये आधी आणि टोकदार येतो, उजवीकडे किंचित उशिरा आणि बोथट.
३. लूप माइक स्टँडभोवती फिरवलाय. आवाज मधूनमधून दबतो आणि पुन्हा उघडतो.

शिवाय मूळ ध्वनिमुद्रणात हे नेमकं कसं केलं होतं, तेही कोणी नीट सांगितलं तर बरं होईल.

चुंबकपट्टी

पहिल्या अडचणीचं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. १०० भागिले १२० म्हणजे पाच षष्ठांश, आणि ५० भागिले ६० म्हणजेही पाच षष्ठांश. डेक ६० हर्ट्झसाठी बनलेला आहे आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रीक्वेन्सीला हात लावत नाही. ज्या डेकची कॅपस्टन (टेप ओढणारा फिरता दांडा) मोटर एसी सिंक्रोनस असते ती विजेच्या फ्रीक्वेन्सीच्या तालावर फिरते, त्यामुळे तुमचा ७½ इंच प्रत्यक्षात ६¼ इंच आहे. म्हणजे सेकंदाला १५.८८ सेंमी.

खात्री करून घ्या. टेपवर १९०.५ सेंमी अंतरावर दोन खुणा करा, डेकवर चालवा आणि पहिली खूण प्लेबॅक हेडवर आल्यापासून दुसरी येईपर्यंतचा वेळ मोबाइलवर मोजा. १० सेकंद लागले तर वेग बरोबर. १२ लागले तर मी म्हणतो तेच. मागच्या पाटीवर फक्त ‘११७ व्होल्ट, ६० हर्ट्झ’ एवढंच छापलेलं असेल तर मोजायचीही फारशी गरज नाही.

रेव्हॉक्स ए ७७ सारख्या डेकमध्ये कॅपस्टनचा वेग इलेक्ट्रॉनिक सर्किट सांभाळतं, तिथे हा घोळ होत नाही. बऱ्याच जुन्या जपानी डेकमध्ये होतो.

इतके दिवस हे लक्षात आलं नसेल, त्यालाही कारण आहे. ज्या डेकवर रेकॉर्ड केलं त्यावरच वाजवलं तर दोन्ही वेळा वेग सारखाच कमी असतो, सूर जागेवरच राहतो. दुसरीकडे भरलेली टेप या डेकवर लावलीत की सगळं तीन अर्धस्वरांहून थोडं जास्त, म्हणजे षड्जाचा मंद्र धैवत होईल इतकं खाली ऐकू येईल. लूपच्या बाबतीत लांबी तुम्ही पट्टीने ठरवलीत, म्हणून चूक लयीत दिसली.

गल्ला_आणि_घंटी

मूळ ध्वनिमुद्रणाबद्दल लिहितो.

अल्बमचं काम लंडनच्या ॲबी रोडवर १९७२ च्या जूनच्या आसपास सुरू झालं आणि १९७३ च्या सुरुवातीला संपलं. अल्बम मार्च १९७३ मध्ये आला. इंजिनिअर ॲलन पार्सन्स, आणि शेवटच्या मिक्सच्या वेळी देखरेखीला ख्रिस थॉमस. मल्टिट्रॅक सोळा ट्रॅकचा, दोन इंची टेपवर. सोळा ट्रॅक आज कमी वाटतात आणि तेव्हाही पुरले नाहीत. भरलेले ट्रॅक एकत्र करून दुसऱ्या सोळा ट्रॅकच्या टेपवर उतरवले आणि मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर पुढचं भरलं. २००३ च्या सराउंड मिक्ससाठी इंजिनिअर जेम्स गथ्री पहिल्या पिढीच्या टेपांकडे परत गेला, ते याच कारणाने.

लूपचा पहिला अवतार बँडचा बासवादक रॉजर वॉटर्सने घरी केला होता. बागेतल्या शेडमध्ये त्याच्या पत्नीचं कुंभारकाम चाले, तिथल्या माती कालवायच्या मोठ्या भांड्यात नाणी टाकून त्याने आवाज घेतले. गाणं अल्बमच्या आधीच स्टेजवर आलं होतं. २० जानेवारी १९७२ ला ब्रायटनच्या डोममध्ये या अल्बमच्या गाण्यांचा पूर्ण संच पहिल्यांदा वाजवायला घेतला आणि याच गाण्यापाशी तांत्रिक बिघाडामुळे थांबावं लागलं. तेव्हा स्टेजवर टेप चालवण्याची धास्ती वाटत असेल तर तुम्ही चांगल्या संगतीत आहात.

अल्बमसाठी लूप स्टुडिओत नव्याने बांधला. नाणी, पैशांची पिशवी आपटणं, फाटणारा कागद, गल्ल्याची घंटी आणि टेलिफोन एक्स्चेंजमधल्या युनिसिलेक्टरची कटकट. प्रत्येक आवाजाचा तुकडा पट्टीने मोजून सारख्या लांबीचा कापायचा आणि एकामागे एक जोडायचा. म्हणजे तुम्ही जे करताय तेच. कॉम्प्युटर नाही, सीक्वेन्सर नाही, लय म्हणजे सेंटिमीटर.

ऐकताना एका गोष्टीकडे लक्ष द्या. नाण्यांची किणकिण पूर्ण विरत नाही, पुढचा तुकडा आला की ती कापलेलीच ऐकू येते. त्या लूपची खरी चव या कापलेल्या शेपट्यांमध्ये आहे. कोणी नवीन नमुने घेऊन, प्रत्येकाला सुंदर रिव्हर्ब देऊन हा लूप बनवतो तेव्हा तो लगेच खोटा वाटतो, कारण शेपट्या एकमेकांवर चढतात.

ब्लेड_सरळ_धरा

दुसरी अडचण ४५ अंशांच्या कापामुळे आहे.

टेप ६.३५ मिमी रुंद. ४५ अंशात कापली की कापाची वरची कड आणि खालची कड यांच्यात लांबीच्या दिशेने तेवढंच अंतर पडतं. मोनो, फुल ट्रॅक (पूर्ण रुंदीचा एकच ट्रॅक) डेकवर हे फार चांगलं. जुना आवाज उतरतो, नवा चढतो, टिकटिक येत नाही. क्वार्टर ट्रॅक स्टिरिओत मात्र डावा ट्रॅक सर्वांत वर आणि उजवा तिसऱ्या क्रमांकावर, दोघांच्या मध्यांत साधारण ३.४ मिमी अंतर. तिरका काप एका ट्रॅकवर आधी पोचतो, दुसऱ्यावर ३.४ मिमी नंतर. तुमच्या डेकच्या खऱ्या वेगाने हे सुमारे २१ मिलिसेकंद होतात. नाणं पडण्याचा पहिला टोला कापाच्या अगदी तोंडाशी ठेवला असेल, तर डाव्या ट्रॅकवर तो शाबूत राहतो आणि उजव्यावर कापला जातो. उजवीकडे नाण्याचा टोला येतच नाही, त्यामागची किणकिण येते. म्हणून बोथट.

तर ९० अंशांची खाच वापरा. सरळ कापात टिकटिक येण्याचा धोका असतो, पण इथे प्रत्येक कापाच्या मागोमाग टणत्कार येतोय, त्यात ती लपते. पद्धत अशी:

आधी सगळे आवाज सलग टेपवर भरून घ्या, प्रत्येकाच्या पुढेमागे दोन-तीन सेकंद मोकळे. मग रिळं हाताने मागेपुढे फिरवत टोला नेमका प्लेबॅक हेडच्या मध्यावर आणा. तिसरं हेड, कॅपस्टनच्या बाजूचं. रेकॉर्ड हेडवर खूण केलीत तर सगळंच फसेल. टेपच्या पाठीवर पिवळ्या किंवा पांढऱ्या ग्रीस पेन्सिलीने बारीक रेघ. टोकदार शिसपेन्सिल नको, बॉलपेन तर मुळीच नको.

काप त्या खुणेच्या २ मिमी आधी. हे २ मिमी सातही तुकड्यांना सारखेच हवेत. सगळे टोले १२-१३ मिलिसेकंदांनी मागे सरकले तर कोणाला कळणार नाही, पण एक २ मिमीवर आणि एक ५ मिमीवर असला की लूप लंगडतो. तिथून पुढे तुकड्याची लांबी मोजायची.

कापण्याआधी प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर टेप जाण्याच्या दिशेचा बाण आणि क्रमांक. सात तुकडे टेबलावर पसरले की कोणता कुठला ते ओळखता येत नाही. क्वार्टर ट्रॅकमध्ये तुकडा उलटा जोडला गेला तर तो उलटा वाजतही नाही. हेडखाली दुसऱ्या बाजूचे कोरे ट्रॅक येतात, आणि त्या मात्रेवर नुसती शांतता. तुकडा हरवला की डेक बिघडला, यात माणूस तासभर घालवतो.

ब्लेड नवं, एकधारी आणि चुंबकत्व काढलेलं. चुंबकलेलं ब्लेड प्रत्येक जोडावर ‘टप्प’ असा ठसा सोडतं. जोडाला स्प्लाइसिंग टेपच हवी, टेपपेक्षा किंचित अरुंद, ७/३२ इंची. साधी चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद कडेने बाहेर येतो आणि हेडवर, टेप कॅपस्टनवर दाबणाऱ्या पिंच रोलरवर बसतो. दोन टोकं एकमेकांना टेकलेली हवीत, फट नको आणि एकावर एक नको. वरून दोन-अडीच सेंमीचा तुकडा पाठीच्या बाजूने लावा आणि नखाच्या मागच्या बाजूने घासा, पांढुरके बुडबुडे जाईपर्यंत.

शेवटचा जोड लावण्याआधी टेपला पीळ पडलेला नाही हे बोटाने पूर्ण फेरा फिरवून बघा.

फेडर_खाली

पुन्हा सगळं रेकॉर्ड कशाला करायचं? वेग १५.८८ असेल तर १२० ची मात्रा ७.९४ सेंमीची. आत्ता तुकडे ९.५२ चे आहेत. प्रत्येकाच्या शेपटीकडून १.५८ सेंमी छाटा, संपलं.

ब्लेड_सरळ_धरा

लय जमेल, डावं-उजवं जमणार नाही. तुकड्यांची तोंडं ४५ अंशात कापलेली आहेत. ती सरळ करायला तिरक्या कापाचा सगळ्यात मागचा बिंदू गाठावा लागेल, आणि टोला तोंडाशीच असल्यामुळे मग तो दोन्ही ट्रॅकवरून जाईल. शिवाय जुनी स्प्लाइसिंग टेप सोलून काढायची, तिचा गोंद पुसायचा. त्यापेक्षा नाणी पुन्हा आपटणं सोपं.

भरताना एक सांभाळा. व्हीयू मीटरचा (आवाजाची पातळी दाखवणाऱ्या मीटरचा) काटा जागेवर यायला सुमारे ३०० मिलिसेकंद घेतो, आणि नाण्याचा टोला त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेला असतो. काटा शून्यावर आणलात तर टेपवर खरा टोला दहा-पंधरा डेसिबल वर गेलेला असतो आणि किणकिणीची खरखर होते. नाण्यांसाठी काटा उणे १० ते उणे १२ च्या आसपासच हलू द्या. कागद फाडण्याचा आवाज सलग असतो, तो उणे ३ पर्यंत चालेल.

नाणी कोणती, यानेही फरक पडतो. हल्लीची एक-दोन रुपयांची स्टेनलेस स्टीलची नाणी हलकी आणि किरकिरी वाजतात. घरात जुनी तांबे-निकेलची रुपयाची नाणी असतील तर ती घ्या, आवाज भरदार येतो. भांडं जाड मातीचं किंवा चिनी मातीचं. स्टीलच्या पातेल्यात टाकलीत तर नाण्यापेक्षा पातेलंच जास्त वाजतं.

सातमात्री

१९०.५ सेंमीला १२ सेकंद लागले. म्हणजे ५० हर्ट्झचाच प्रकार. दोन उपप्रश्न: मोटरची पुली बदलून वेग दुरुस्त करून घ्यावा का? आणि रेकॉर्डवर लय नेमकी १२० आहे का?

चुंबकपट्टी

फक्त लूपसाठी पुली बदलायची गरज नाही. ६¼ इंचाच्या वेगाने आवाजाला काही होत नाही, वरच्या टोकाला थोडी झळाळी कमी होईल इतकंच. बाकी टेपा वाजवायच्या असतील तर मात्र करून घ्या. ५० हर्ट्झची पुली किंवा कॅपस्टनवरची बाही १.२ पट व्यासाची असते, आणि मोटरचा कपॅसिटरही ५० हर्ट्झसाठी दिलेल्या किमतीचा बसवावा लागतो. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दोन्ही आकडे शेजारी-शेजारी असतात.

गरम होण्याकडे मात्र लक्ष असू द्या. ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर आणि मोटर ५० वर त्याच व्होल्टेजला जास्त तापतात. डेकच्या पाठीमागे १०० व्होल्ट निवडायची सोय असेल म्हणून ती लावून ११० देऊ नका, ते उलटं होईल. डेक ११७ वरच ठेवा आणि बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरला १०० ची टॅप असेल तर ती वापरा. ११७ चे पाच षष्ठांश म्हणजे साडेसत्त्याण्णव, त्याच्या जवळ राहायचं. तालमीत तासन्‌तास चालू ठेवू नका.

लय: रेकॉर्डवर सुरुवात १२० च्या आसपास धरा. तुमच्या ड्रमरला १२४ सोयीची वाटत असेल तर तीच घ्या. सूत्र एकच आहे, खरा वेग गुणिले ६० भागिले लय. १५.८८ च्या वेगाला १२० साठी मात्रा ७.९४ सेंमी आणि पूर्ण लूप ५५.६ सेंमी. १२४ साठी ७.६८ आणि ५३.८.

या वेगाला १ मिमी म्हणजे ६.३ मिलिसेकंद. एखादा तुकडा अर्धा मिमी चुकला तर ऐकताना कळणार नाही. पण पूर्ण लूप १ मिमी लांब झाला आणि ड्रमर मात्र वेगळ्या १२० च्या क्लिकवर (मेट्रोनोमच्या टिकटिकीवर) वाजवतोय, तर दर फेऱ्याला ६.३ मिलिसेकंद साचत जातात. मिनिटाला सतरा फेरे, म्हणजे मिनिटात १०० मिलिसेकंदांहून जास्त. म्हणून क्लिक बंद, कानात लूपच द्या.

डिजिटल_दामू

हे सगळं वाचायला मजा येते, पण खरं सांगा, ऐकणाऱ्याला कळणार आहे का? कॉम्प्युटरवर ७/४ ची ग्रिड टाका, सात आवाज ठेवा, दहा मिनिटांचं काम.

आणि तसं करायचंच असेल तर नीट करा. प्रत्येक क्लिप बरोबर एक मात्रेची, शेपटी निर्दयपणे कापलेली. जोडावर क्रॉसफेड ५ ते १५ मिलिसेकंदांचा, त्याहून मोठा नको. तिरक्या कापाचा हिशोब पाहा: फुल ट्रॅक टेप, १५ इंचाचा वेग, ६.३५ मिमीचा उतार म्हणजे १६.७ मिलिसेकंद. स्टुडिओतला जोड एवढाच असतो. टेपचा आवाज हवा म्हणून प्लगइनमध्ये वाव-फ्लटर (वेगाचं डुलणं) वाढवणारे असतात, ते करू नका. व्यावसायिक मशीन असं डुलत नाही. हिस (टेपचा सलग फुसफुस आवाज) मात्र सातही क्लिपांखाली सलग ठेवा, नाहीतर प्रत्येक मात्रेला पार्श्वभूमी बदलते.

गल्ला_आणि_घंटी

दामूअण्णा, क्लिपांचा सल्ला पक्का आहे. पण धागा टेपचा आहे आणि मालकाने कॉम्प्युटर नको असं पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. :)

शिवाय ऐकणाऱ्याला नाही, वाजवणाऱ्याला कळतं. स्टेजवर फिरणारा लूप बघून ड्रमर कसा वाजवतो आणि लॅपटॉपकडे बघून कसा, यात फरक पडतो.

आता लयीचं. रेकॉर्डवर बँडने लूपसोबत सुरुवात केली, मग लूप हळूहळू मागे सारला आणि पुढचं गाणं क्लिकशिवाय वाजवलं. म्हणून वेग चढत जातो. सुरुवात आणि शेवट लागोपाठ ऐका, फरक लगेच कळतो. लूप पूर्ण गाणंभर चालू ठेवायचा हट्ट धरलात तर गिटारचा सोलो ४/४ मध्ये जातो तिथे सातचा लूप आडवा येईल. गिटारवादक गिलमोरने सोलोसाठी सातची गुंतागुंत सोडून चारची लय घेतली. डिक पॅरीचा सॅक्सोफोन मात्र सातमध्येच आहे. तेव्हा मिक्सर सांभाळणाऱ्या तुमच्या फेडरवाल्याला सांगून ठेवा, लूप गायन सुरू होण्याआधी गेलेला असला पाहिजे.

आपल्याकडचा तबलजी किंवा ढोलकीवाला सोबत असेल तर त्याला रूपक म्हणून हे समजावू नका. रूपकात ३-२-२ चे खंड आणि पहिल्याच मात्रेवर खाली. इथे पहिल्या मात्रेवर बासचा मूळ स्वर, बी मायनरचा बी, ठामपणे पडतो. लूपमधल्या सात मात्रांना तर खंडच नाहीत, सगळ्यांची लांबी सारखी. रूपकची सवय असलेला हात पहिली मात्रा हलकी सोडतो आणि गाणं पहिल्या फेऱ्यातच पोकळ होतं.

विषय निघालाच आहे तर, त्याच अल्बममध्ये ‘टाइम’च्या सुरुवातीची घड्याळं पार्सन्सने जुन्या वस्तूंच्या दुकानात एकेक करून भरून आणली होती, क्वाड्रफोनिक (चार स्पीकरच्या) आवाजाच्या प्रात्यक्षिकासाठी. अल्बममध्ये ती मागाहून आली. तिथेही हीच कसरत, सगळ्यांचे टोले एकाच क्षणी यावेत म्हणून टेपा एकमेकींशी जुळवायच्या. ‘ऑन द रन’ मात्र वेगळ्या जातीचं आहे. तिथे सिंथी एकेएस या सिंथेसायझरच्या सीक्वेन्सरवर आठ स्वर घालून वेग वाढवलाय, कात्रीचं काम नाही.

पिंचरोलर

तिसरी अडचण अजून कोणी घेतली नाही.

नेहमीच्या वाजवण्यात डावी रीळ टेपला किंचित मागे ओढून धरते, म्हणून टेप हेडवर चपखल बसते. लूपला रीळच नाही, म्हणजे मागची ओढही नाही. टेप हेडवरून सुटते, आधी वरचे स्वर जातात, मग आवाज दबतो. तुम्हाला जे ऐकू येतंय ते हेच.

आधी डेक कसा ठेवलाय ते बघा. डेक उभा असेल तर टेपची रुंदी आडवी असते आणि उभ्या माइक स्टँडभोवती जाताना तिला पीळ बसतो. एक कड ताणली जाते, दुसरी सैल. डेक पाठीवर आडवा ठेवा, मग उभा स्टँड टेपच्या रुंदीला समांतर येतो. डेक उभाच ठेवायचा असेल तर बूम स्टँडचा दांडा आडवा करून त्यावरून टेप न्या. दांडा क्रोमचा, गुळगुळीत आणि पुसलेला. प्लॅस्टिकवर घासली की पॉलिएस्टर टेपवर स्थिर वीज साचते आणि चटचट ऐकू येते.

दोन्ही रिळं काढून ठेवा. बहुतेक घरगुती डेकमध्ये डावीकडे किंवा उजवीकडे ताणाचा दांडा असतो. टेप सैल झाली की तो खाली पडतो आणि मशीन बंद करतो. तो रबर बँडने वर अडकवून ठेवा, आणि काम झाल्यावर काढायला विसरू नका.

५५ सेंमीचा लूप हेडवरून जाऊन परत यायला जेमतेम पुरतो. काही डेकवर तेवढाही फेरा होत नाही. मग सात मात्रांचा लूप दोनदा जोडून चौदा मात्रांचा करा, १११ सेंमी. वाजायला काही फरक नाही, ताण सांभाळणं सोपं जातं, आणि प्रत्येक जोड निम्म्या वेळा हेडवरून जातो. मात्र दुसरे सात तुकडे पहिल्यांचीच डब केलेली प्रत हवेत. नाणी वेगळी आपटली तर लूप सातचा वाटणार नाही, चौदाचा वाटेल.

स्टँड अशा जागी आणा की टेप नुसती ताठ होईल. मग आवाज बंद ठेवून फक्त हिस ऐका. हिसचा पोत फेऱ्यागणिक बदलत असेल तर अजून सैल आहे. कॅपस्टनच्या पुढे-मागे टेप फडफडत असेल तरी सैल. उलट लय जडावली किंवा जोड कुरकुरायला लागले तर जास्त ताणलीय. एलपीआर ३५ पातळ टेप आहे, ताणली की लांबते, आणि लांबलेला तुकडा पुन्हा आखडत नाही. शक्य असेल तर लूपसाठी जाड टेप घ्या, ५० मायक्रॉनची एसएम ९११ वगैरे. घरगुती डेकच्या बायसला (भरतानाच्या चुंबकीय जुळणीला) ती अगदी जुळणार नाही, पण नाणी आणि कागदासाठी चालून जातं.

जुन्या पेटीतली सत्तर-ऐंशीच्या दशकातली काळ्या पाठीची टेप मात्र वापरू नका. तिचा गोंद ओलावा खाऊन चिकट झालेला असतो, दहा फेऱ्यांत हेडवर तपकिरी लेप बसतो आणि आवाज तसाच दबतो. आत्ताही लूप बसवण्याआधी हेड आणि धातूचे गाइड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, नाहीतर ताण आणि घाण यांतला दोषी कोण ते कळणार नाही.

फेडर_खाली

स्टेजसाठी एक. कार्यक्रम उघड्यावर आहे का? जनरेटरवर असेल तर आधी विचारून घ्या. ग्रिडची फ्रीक्वेन्सी पन्नासच्या अगदी जवळ राहते, त्याने लयीला काही होत नाही. डिझेल जनरेटर मात्र भार कमी असताना ५२ पर्यंत पळतो आणि सगळे दिवे लागले की खाली येतो. ५२ म्हणजे चार टक्के, तुमची १२० ची लय १२५ होते आणि नाणीही तेवढीच उंच वाजतात. सिंक्रोनस मोटरच्या डेकला यातून सुटका नाही. डेक स्वतंत्र ऑनलाइन यूपीएसवर ठेवा, आउटपुट ५० हर्ट्झवर पक्कं ठेवता येणाऱ्या. साधा घरगुती इन्व्हर्टर नको, वीज असताना तो तीच वीज पुढे ढकलतो.

सातमात्री

कार्यक्रम सभागृहात आहे, पण यूपीएसची सोय होईल. स्टँड आडव्या डेकला लावून पाहिला, दबणं पुष्कळ कमी झालं. आता नाणी नव्याने भरतो, तुकडे ७.९४ चे, सरळ काप, चौदा मात्रा. एकच राहिलं: लूप ऐन वेळी तुटला तर?

ब्लेड_सरळ_धरा

लूप तयार झाला की आधी तीन मिनिटं वाजवून त्याचं आउटपुट दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर भरून ठेवा. तीच प्रत मिक्सरच्या दुसऱ्या चॅनेलवर, फेडर खाली. आणि दुसरा लूप कापून तयार ठेवा, पण गुंडाळून खिशात नको, घडी पडते. रिकाम्या रिळेच्या मधल्या गोलावर सैल गुंडाळा आणि कोणता जोड सातव्या आणि पहिल्या मात्रेतला आहे त्यावर रंगीत खूण करा. लूप बसवताना तो जोड प्लेबॅक हेडच्या थोडा डावीकडे ठेवून मशीन सुरू केलंत की पहिला आवाज पहिल्या मात्रेवरच येतो.